जेम्स फोर्सिथ

कॅप्टन जेम्स फोर्सिथ (१८३८ – १ मे १८७१) हे ब्रिटिश अमदानीतील लष्करी अधिकारी, वनाधिकारी, प्रवासी आणि ग्रंथकार होते. सातपुड्यातील महादेव डोंगररांगा आणि जुन्या मध्य प्रांतातील अरण्ये यांचे वर्णन करणारा ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ (१८७१) हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्याआधी त्यांनी ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ हे पुस्तक लिहिले होते. ठासणीच्या रायफलीच्या नळीत आटे कसे असावेत, त्यांना पीळ किती असावा आणि त्याचा नेमावर काय परिणाम होतो, याची पद्धतशीर मांडणी या पुस्तकात आहे. जुन्या बंदुकांचे अभ्यासक त्यांनी पुरस्कारलेल्या मंद पिळाच्या आट्यांना आजही त्यांच्याच नावाने ओळखतात.

जीवन

फोर्सिथ यांचा जन्म १८३८ साली झाला. त्यांचे उच्च शिक्षण इंग्लंडमध्ये झाले व तेथे त्यांनी एम.ए. ही पदवी मिळवली. हिंदुस्थानात आल्यावर ते बंगाल स्टाफ कोअरमध्ये होते. मात्र त्यांच्या कारकिर्दीचा महत्त्वाचा भाग लष्करी छावणीपेक्षा मुलकी आणि वनखात्याच्या कामात गेला.

तो काळ मध्य भारतात मोठ्या उलथापालथीचा होता. तिसऱ्या रघूजी भोसल्यांच्या मृत्यूनंतर १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. १८५८ साली चांदा भागात बाबूराव शेडमाके यांच्या नेतृत्वाखाली गोंडांनी उठाव केला आणि त्याच वर्षीच्या २१ ऑक्टोबरला शेडमाके यांना चांद्यात फाशी देण्यात आले. १८६१ साली नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांत निर्माण करण्यात आला. त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात वैनगंगेचे दोन्ही तीर येत होते. एका बाजूला ब्रह्मपुरीचा मुलूख होता, तर दुसऱ्या बाजूला पुढे १९८२ साली स्वतंत्र जिल्हा झालेला गडचिरोलीचा अरण्यप्रदेश. या नव्या प्रांतातील सागवानाच्या वनांची मोजदाद आणि राखण करण्यासाठी कॅप्टन जी. एफ. पिअर्सन यांच्या हाताखाली वनखाते उभे राहिले, आणि फोर्सिथ त्यात रुजू झाले. रेल्वेच्या रुळांखाली घालण्याच्या लाकडी स्लीपरांना तेव्हा प्रचंड मागणी होती. सागवान किती शिल्लक आहे आणि कोठे आहे, हे सरकारला तातडीने हवे होते.

फोर्सिथ यांनी सहायक वनसंरक्षक आणि काही काळ हंगामी वनसंरक्षक म्हणून काम केले. पुढे निमाड जिल्ह्यात ते जमाबंदी अधिकारी आणि डेप्युटी कमिशनर झाले. मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत त्यांनी प्रांताच्या बऱ्याच मोठ्या भागाचा दौरा केला. नर्मदेच्या उगमाशी असलेले अमरकंटक, छत्तीसगडचे मैदान आणि त्यापलीकडील सालवृक्षांची वने एवढा प्रदेश त्यांनी पाहिला. त्या प्रवासात हत्ती, तंबू आणि नोकरचाकर यांच्याबरोबर ठासणीच्या रायफलीही असत.

ठासणीची बंदूक आणि आटे

फोर्सिथ यांचे काम समजण्यासाठी त्या काळच्या बंदुकीची रचना लक्षात घ्यावी लागते. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी ही दोन्ही नळीच्या तोंडातून भरतात आणि गजाने ठासतात. मध्य प्रांतातील स्थानिक शिकाऱ्याजवळ बहुधा तोड्याची बंदूक असे. तिची नळी आतून गुळगुळीत असते. गोळी सहज आत जावी म्हणून ती नळीपेक्षा किंचित लहान ठेवावी लागते. त्यामुळे बार उडताना ती नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडते, आणि शेवटची धडक ज्या बाजूला बसेल त्यानुसार तिला एखादी वेडीवाकडी गिरकी मिळते. ही गिरकी प्रत्येक बाराला वेगळी असते. म्हणून नेम अचूक धरला तरी शंभर पावलांवर गोळी कोठे जाईल याची खात्री नसते. तोड्याच्या बंदुकीचा शिकारी पाणवठ्याजवळ दडून जनावर अगदी जवळ येईपर्यंत थांबतो, यामागे हेच व्यावहारिक कारण आहे.

ही गिरकीच गोळीला वाकवते, हे इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले होते. त्यांनी मुद्दाम वाकवलेल्या नळीतून बार काढले, तेव्हा गोळी नळीच्या वाकाप्रमाणे निघून पुढे हवेत उलट दिशेला वळली. हे रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आले आणि १७५१ साली मद्रासच्या दक्षिणेस फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारले.

यावरचा उपाय म्हणजे आटे. नळीच्या आतल्या पृष्ठभागावर मळसूत्रासारख्या वळत जाणाऱ्या खाचा कोरतात. त्या गोळीला पकडतात आणि तिला तिच्या प्रवासाच्या दिशेभोवती फिरवतात. असे फिरणे ठरावीक असल्याने गोळी दर वेळी सारखीच वागते. ओतीव शिशाच्या गोळीत कोठे हवेचा बुडबुडा राहिला किंवा एक बाजू जड झाली, तरी गोळी फिरत असल्यामुळे तो दोष क्षणाक्षणाला दिशा बदलतो आणि त्याचा परिणाम एका बाजूला साचत नाही. एक पूर्ण फेरा किती लांबीत होतो त्यावरून आट्यांचा पीळ मोजतात. थोड्या लांबीत फेरा पुरा झाला तर पीळ जलद, जास्त लांबीत झाला तर मंद.

१८५७ च्या संदर्भात शाळेत शिकवली जाणारी एन्फिल्ड रायफल ही ठासणीची आणि आटे असलेलीच बंदूक होती. तिच्या नळीत तीन आटे असून ७८ इंचांत एक फेरा होत असे. काडतुसाला चरबी लावण्याचे मूळ कारणही येथेच आहे. आट्यांच्या नळीत गोळी घट्ट बसवावी लागते आणि जळलेल्या दारूची काजळी खाचांत साचली की ठासणे अवघड होते. वंगणामुळे गोळी सरकते आणि काजळी मऊ राहते. शिपायांच्या धार्मिक भावना दुखावणाऱ्या त्या वादामागे आट्यांच्या नळीची ही साधी तांत्रिक गरज होती.

‘द स्पोर्टिंग रायफल’

हे पुस्तक १८६० च्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये प्रसिद्ध झाले आणि १८६७ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. पहिल्या आवृत्तीच्या वेळी फोर्सिथ यांनी वयाची पंचविशी जेमतेम गाठली होती. त्या काळात रायफलीची सगळी चर्चा लांबच्या निशाणबाजीभोवती फिरत होती. लांबट गोळी आणि जलद पीळ यांच्या जोरावर हजार यार्डांपर्यंत नेम साधणाऱ्या रायफली तयार झाल्या होत्या. जोसेफ व्हिटवर्थ यांच्या षट्‌कोनी नळीच्या रायफलीत तर अवघ्या २० इंचांत एक फेरा होई. जे निशाणाच्या मैदानावर उत्तम तेच शिकारीतही उत्तम, असा समज त्यातून रूढ झाला होता. फोर्सिथ यांचा आक्षेप या समजुतीला होता.

त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा आहे. लांबट गोळी हवेत उलटीपालटी होऊ नये म्हणून तिला जोराने फिरवावे लागते. वाटोळ्या गोळीला उलटण्याची भीतीच नसते, कारण तिची सर्व बाजूंनी रूपरेषा सारखी असते. तिला फक्त दोषांची समजूत काढण्यापुरती गिरकी पुरते. तरीही बंदूक बनवणारे वाटोळ्या गोळीच्या शिकारी रायफलींनाही जलद पीळ देत होते. त्याचा दुष्परिणाम ताबडतोब दिसे. दारू वाढवली की गोळी इतक्या वेगाने पुढे ढकलली जाते की ती आट्यांचे वळण पाळू शकत नाही. ती खाचांवरून सरळ घसरते, तिच्याभोवतीची वंगण लावलेली चिंधी फाटते आणि नेम पूर्णपणे सुटतो. हे टाळण्यासाठी शिकाऱ्याला दारू कमी घालावी लागे. दारू कमी म्हणजे वेग कमी, आणि वेग कमी म्हणजे गोळीचा मार्ग कमानीसारखा वाकलेला.

मैदानावरच्या नेमबाजाला या कमानीची अडचण वाटत नाही. निशाण किती यार्डांवर आहे हे त्याला ठाऊक असते आणि त्याप्रमाणे तो दर्शक वर-खाली करतो. रानात मात्र अंतर मोजायला वेळ नसतो. सरासरी वेग सेकंदाला ८०० फूट धरला, तर १०० यार्ड (सुमारे ९१ मीटर) जायला गोळीला पाऊण सेकंदाच्या निम्मा वेळ लागतो आणि तेवढ्यात ती सुमारे सव्वादोन फूट खाली येते. सरासरी वेग १२०० फूट असेल, तर पाव सेकंद लागतो आणि गोळी फक्त एक फूट उतरते. पहिल्या रायफलीने अंतराच्या अंदाजात वीस-पंचवीस यार्डांची चूक झाली की गोळी जनावराच्या पाठीवरून जाते किंवा पायात लागते. दुसरीने तीच चूक बरीचशी पोटात घातली जाते.

म्हणून फोर्सिथ यांनी क्रम उलटा लावला. आधी जनावराला आणि अंतराला योग्य असा दारूचा मोठा भार ठरवायचा, मग तो भार सोसूनही गोळी घसरणार नाही एवढा मंद पीळ द्यायचा. १४ बोअरच्या रायफलीसाठी, म्हणजे एका पौंड शिशात चौदा गोळ्या होतील अशा नळीसाठी, त्यांनी १०४ इंचांत एक फेरा हे प्रमाण सांगितले. २६ इंचांच्या नळीत हा जेमतेम पाव फेरा होतो. गोळी सेकंदाला १५०० फूट वेगाने बाहेर पडली असे धरले, तर या पिळाने तिला सेकंदाला सुमारे १७० फेरे मिळतात. ३० इंचांच्या पिळाने ६०० मिळाले असते. वाटोळ्या गोळीसाठी पहिला आकडा पुरेसा असतो. अशा रायफलीत ५ ड्राम, म्हणजे जवळपास ९ ग्रॅम, दारू घालता येते. आटे उथळ आणि रुंद, तर त्यांमधील उंचवटे अरुंद असावेत, असेही त्यांचे मत होते. अशा नळीत चिंधीत गुंडाळलेली गोळी मोगरीने ठोकल्याविना गजाने बसते. जखमी जनावर समोर असताना पुन्हा बार भरण्याची पाळी आली, तर ही गोष्ट जिवावरच्या संकटातून सोडवणारी ठरते.

मंद पीळ ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. नेपोलियनच्या युद्धांतील इंग्रजांच्या बेकर रायफलीतही ३० इंचांच्या नळीत पावच फेरा होता. त्यानंतर १८३७ मध्ये आलेल्या ब्रन्सविक रायफलीत तेवढ्याच लांबीत पूर्ण फेरा देण्यात आला. तिच्या गोळीभोवती एक पट्टा उठवलेला असे आणि तो दोन खोल खाचांत बसवावा लागे. काजळी साचल्यावर ती भरणे फार त्रासाचे होई. फोर्सिथ यांचे श्रेय पिळाचा आकडा शोधण्यात कमी आणि पीळ, दारूचा भार, गोळीचा आकार व शिकारीचे अंतर यांना एकाच हिशेबात बांधण्यात जास्त आहे. नेमकेपणा म्हणजे निशाणावर गोळ्यांची दाट वस्ती एवढेच नाही. अंतराचा अंदाज चुकल्यावरही गोळी मर्मस्थानी लागणे हाही नेमकेपणाच आहे, ही त्यांची दृष्टी आजच्या वाचकालाही पटण्यासारखी आहे.

त्यांच्या मांडणीला मर्यादा होत्या. वाटोळी गोळी हवेच्या अडथळ्याने झपाट्याने मंदावते, त्यामुळे दीडशे यार्डांपलीकडे लांबट गोळीच सरस ठरते. पण साग आणि बांबूच्या मिश्र रानात, मग ते सातपुड्याचे असो की वैनगंगाकाठचे, तेवढे लांबचे दिसतेच क्वचित. झुडपांतून अर्धवट दिसणारा गवा, उंच गवतातून उठणारा वाघ किंवा बांबूच्या बेटाआडून धावत येणारा रानरेडा ही निशाणे बहुधा त्याहून पुष्कळ जवळची असतात.

प्रवास आणि ‘हायलँड्स’

जानेवारी १८६२ मध्ये फोर्सिथ पचमढीच्या पठारावर पोहोचले. तेथे त्यांनी बांधलेले ‘बायसन लॉज’ हे घर आजही उभे असून त्यात वनविभागाचे संग्रहालय आहे. पचमढीचा शोध त्यांनी १८५७ साली लावला, असे पर्यटनविषयक लेखनात वारंवार आढळते. हे वर्ष त्यांच्या स्वतःच्या ग्रंथातील हकिकतीशी जुळत नाही. शिवाय शोध हा शब्दही येथे अयोग्य आहे. गोंड आणि कोरकू तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते आणि महादेवाच्या यात्रेसाठी दूरदूरचे लोक त्या डोंगरात येत होते. विदर्भातून महाशिवरात्रीला आणि नागपंचमीला तिकडे जाणाऱ्या यात्रेकरूंची परंपरा आजही चालू आहे. फोर्सिथ यांनी त्या यात्रेचेही वर्णन केले आहे.

ग्रंथात नर्मदेचे खोरे, महादेव डोंगर, आदिवासी जमाती, सागवानाचा प्रदेश, वाघ, सालवने आणि पूर्वेकडील शोधयात्रा अशी प्रकरणे आहेत. चांदा जिल्ह्याला त्यात स्वतंत्र प्रकरण नाही. तरी चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला जवळचा वाटेल असा एक भाग आहे, तो म्हणजे गोंडांच्या लिंगो या सांस्कृतिक पुरुषाची कथा. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ही कथा परधानाच्या तोंडून टिपून घेतली होती. १८६३ साली हिस्लॉप नदीत बुडून मरण पावले आणि त्यांची टिपणे टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून छापली. फोर्सिथ यांनी त्या कथेचे इंग्रजी पद्यात रूपांतर केले. पारी कुपार लिंगो यांचे स्थान गोंड समाजात आजही पूज्य आहे. फोर्सिथ यांनी मात्र त्या कथेकडे प्रामुख्याने एक रंजक लोककाव्य म्हणून पाहिले.

वाघावरील प्रकरण शिकारकथा म्हणून वाचले जाते, पण त्यात प्रशासकाची नजरही आहे. नरभक्षक वाघामुळे रस्ते ओस पडणे, गुराख्यांनी व लाकूडतोड्यांनी रान सोडणे, गावे उठणे हे त्यांनी पाहिले होते. वाघ मारणाऱ्यास सरकार त्या काळी बक्षीस देत असे. बैतूलच्या सागवानी प्रदेशात अशाच एका नरभक्षकाच्या मागावर ते हत्ती घेऊन गेले होते.

वनविषयक मते

डोंगरउतारावरची झाडे तोडून, जाळून राखेत बी पेरण्याची आदिवासींची पद्धत फोर्सिथ यांनी वनांना घातक मानली. इंग्रज वनखात्याचे तेव्हाचे तेच अधिकृत धोरण होते. रेल्वेसाठी आणि ठेकेदारांकडून झालेली तोडही त्या वनांच्या नाशाला कारणीभूत होती. तथापि निर्बंधांचा मुख्य भार पडला तो रानावर जगणाऱ्यांवर. १८६५ साली पहिला भारतीय वन कायदा झाला आणि पुढील दशकांत राखीव वनांच्या सीमा आखल्या गेल्या. आदिवासींच्या सोशिकपणाविषयी व माग काढण्याच्या कौशल्याविषयी फोर्सिथ आपुलकीने लिहितात, पण त्यांचे लेखन वंशश्रेष्ठत्वाच्या तत्कालीन कल्पनांपासून मुक्त नाही. वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

बंदुकीच्या बाबतीतही एक विसंगती नजरेआड करता येत नाही. ज्या वनांचे रक्षण करण्यासाठी त्यांची नेमणूक झाली होती, तेथील मोठी जनावरे एका गोळीत पाडण्याची रीत त्यांनी शास्त्रशुद्ध केली. जखमी होऊन तडफडणारे जनावर मागे राहू नये, हा त्यांचा हेतू प्रामाणिक होता. परंतु सपाट मार्गाने जाणाऱ्या जड गोळीने शिकार सोपी केली आणि तिच्या मागोमाग कड्यातून भरायच्या रायफली आल्यावर ती आणखी सोपी झाली. मध्य प्रांताच्या पूर्व भागात ज्या रानम्हशींची त्यांनी शिकार केली, त्यांचे महाराष्ट्रातील अस्तित्व आता गडचिरोली जिल्ह्यातील कोलामार्का या संरक्षित क्षेत्राच्या आसपास उरले आहे.

मृत्यू आणि नंतर

‘हायलँड्स’ छापखान्यात असतानाच १ मे १८७१ रोजी लंडनमध्ये फोर्सिथ यांचे निधन झाले. त्यांचे वय तेव्हा ३३ वर्षांच्या आत-बाहेर होते. ग्रंथ त्याच वर्षी चॅपमन अँड हॉल या प्रकाशनाने काढला. पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि मध्य भारतातील वन्यजीवांवर लिहिणाऱ्यांनी तो आधारग्रंथ म्हणून वापरला.

रायफलीवरील पुस्तकाचे भाग्य निराळे ठरले. ते लोकप्रिय होत असतानाच ठासणीच्या बंदुकीचे युग संपत आले होते. ब्रिटिश सैन्याने १८६६ पासून कड्यातून भरायच्या स्नायडर रायफली स्वीकारल्या आणि शिकाऱ्यांनीही काही वर्षांतच तोच मार्ग धरला. धातूच्या काडतुसात चिंधी आणि गज यांची गरजच राहिली नाही. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत काळ्या दारूच्या जुन्या बंदुकांचा छंद पुन्हा वाढला, तेव्हा मोठ्या बोअरच्या नळ्यांसाठी १०४ इंचांचा पीळ पुन्हा कोरला जाऊ लागला.

नामसाधर्म्य

बंदुकांच्या इतिहासात फोर्सिथ हे आडनाव दोन वेगळ्या व्यक्तींचे असल्याने घोटाळा होतो. अलेक्झांडर जॉन फोर्सिथ हे स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक होते. ठोक्याने पेटणाऱ्या स्फोटक द्रव्याचा चाप त्यांनी शोधला आणि १८०७ साली त्याचे पेटंट घेतले; टोपीची बंदूक त्यातूनच पुढे आली. ते १८४३ साली वारले, तेव्हा जेम्स फोर्सिथ पाच वर्षांचे होते. एकाने दारू पेटवण्याची रीत बदलली, दुसऱ्याने नळीतील पिळाचा विचार केला. मध्य आशियातील यारकंदच्या मोहिमेमुळे प्रसिद्ध असलेले थॉमस डग्लस फोर्सिथ हे तिसरे, आणि त्यांचा बंदुकांच्या रचनेशी संबंध नाही.